शाकाहारी नळ

जिंतूरच्या आमच्या घरात पाण्यावर बोलायला सगळे होते, पाणी भरायला एकटी आई. गावात नळ आले होते, पण त्यांच्या पाण्याला जोर नव्हता. जमिनीच्या वर ते चढायचंच नाही. म्हणून घरोघरी अंगणात खड्डा खणून त्याच्या तळाशी नळ बसवलेला असे. पायऱ्या उतरून खाली जायचं, घागर भरायची, कमरेवर घ्यायची आणि ओल्या पायऱ्यांवर पाय रोवत वर यायचं. पाणी कधी येईल याचा नेम नव्हता. नळानं खोकल्यासारखा आवाज काढला की आई परातीतलं पीठ तसंच टाकून धावायची आणि तव्यावरची भाकरी करपायची. आजही करपलेल्या भाकरीचा वास आला की मला कुठंतरी पाणी आलंय असं वाटतं.

बाकीचे का भरत नव्हते, असं माझी नात विचारते. अप्पा म्हणजे माझे वडील. त्यांचं बाजारपेठेत कापडाचं दुकान होतं, आणि मालक घागर उचलताना दिसला तर गिऱ्हाईक काय म्हणेल, हा त्यांच्यापुढचा मोठा प्रश्न होता. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. कोवळ्या वयात विधवा होऊन माहेरी आल्या, आणि तेव्हापासून घराचं सोवळं त्यांच्याकडे. मी शाळेच्या कपड्यांतली, म्हणजे साऱ्या गावाला शिवून आलेली. माझ्या हातचं पाणी सैपाकाला चालत नव्हतं. भांडी घासणाऱ्या बाईच्या हातचं तर अंगणापलीकडे येत नव्हतं. राहिली आई. ती पहाटे आंघोळ करून अक्कांच्या नियमांत बसायची, म्हणून सगळ्या घागरी तिच्या. यातली गंमत अशी की आम्ही लिंगायत, आणि आमच्या पंथात विटाळ मानतच नाहीत. ज्याच्या गळ्यात लिंग आहे त्याला कसला विटाळ, हे अप्पा दरवर्षी मठातल्या कार्यक्रमात माईकवरून सांगायचे. टाळ्या घेऊन घरी आले की पाय धुतल्याशिवाय अक्का त्यांना आत घेत नसत.

आईचं अंग खाली येत होतं. बायकांच्या या दुखण्याचं नाव तेव्हा घरात कुणी घेत नसे. 'तिला बरं नाही' एवढंच म्हणायचे. परभणीच्या लेडी डॉक्टरनं मात्र अप्पांना समोर बसवून सांगितलं, की वजन उचलणं आजपासून बंद, नाहीतर एक दिवस रक्त जाईल आणि धावपळ करावी लागेल. अप्पा घाबरले, हे मी त्यांच्या बाजूनं मान्य करते. गावी येऊन त्यांनी लगेच घर सुधारायला काढलं. न्हाणीवर सिमेंटची टाकी बांधली, खड्ड्यात मोटार बसवली, सैपाकघरात शहाबादी फरशीचा ओटा घातला आणि टाकीपासून ओट्यापर्यंत पाइप आणला. "उभ्यानं घोडे खातेत," असं म्हणून अक्कांनी नाक मुरडलं, पण ओटा झाला. आता पाइपाच्या टोकाला नळ तेवढा बसायचा होता. आई येता-जाता भिंतीतून बाहेर आलेल्या त्या पाइपाकडे बघायची. मी एकदा विचारलं, "काय बगायलीस?" तर म्हणाली, "काई न्हाई. इथं घागर ठिवली की इथंच भरंल, असं मनात करून बगायले."

फिटर आला तो पितळेचा जाडजूड नळ घेऊन. माणूस बोलका, आणि आपल्या मालाचं कौतुक करायची त्याला भारी हौस. कुणी विचारलं नसताना त्यानं नळ खोलला आणि आतली काळपट चकती तळहातावर घेऊन अप्पांना दाखवली.

"हे बगा मालक. रबराचं न्हाई, अस्सल चामड्याचं वायसर हाय. जनमभर गळनार न्हाई."

दारात अक्का उभ्या होत्या. "कशाचं म्हनला?"

"चामड्याचं, अक्का. एक नंबर माल."

अक्कांनी पदर नाकाला लावला. "म्हंजी घरातलं सगळं पानी त्या चामड्यावरून येनार? अन् तेच आमी पूजेला घ्यायचं?"

फिटरला आपलं काय चुकलं ते कळेना. तो अप्पांकडे बघत राहिला आणि अप्पा छताकडे. शेवटी पाइपाच्या तोंडात चिंधी गुंडाळलेली लाकडाची खुंटी ठोकून तो नळासकट निघून गेला.

अंगणातल्या खड्ड्यातल्या नळात कोणतं वायसर आहे, हे कुणीही उघडून पाहिलं नाही. पाहिलं नव्हतं म्हणून ते शुद्ध होतं. अप्पांच्या पायात चामड्याची चप्पल होती, खिशात चामड्याचं पाकीट होतं, मठातल्या भजनाचा पखवाज चामड्याचाच होता, आणि त्यातलं काही कुणाला आडवं आलं नाही. आई सहसा वाद घालत नसे. त्या संध्याकाळी मात्र भाकरी थापता थापता ती म्हणाली, "अक्का, तुमी तर मळ्यातल्या मोटेचं पानी पिऊन मोठ्या झाल्या. मोट कशाची असती?"

"शेतातल्या पान्याला दोष नसतो," अक्का म्हणाल्या.

"काऊन?"

"नसतो म्हनून."

एवढ्यावर तो शास्त्रार्थ संपला. दुसऱ्या दिवशी पाणी आलं आणि आई घागर घेऊन खड्ड्यात उतरली.

बाहेर तेव्हा नामांतराचे दिवस होते. विद्यापीठाच्या नावावरून आज बंद, उद्या मोर्चा. सेलूकडे निघालेली एसटी देवगाव फाट्यावरूनच माघारी यायची आणि बातमी तिच्या आधी पोचायची. अप्पांच्या दुकानात गादीवर बसून माणसं चहा पीत तोच विषय चघळायची. "नाव बदलून फरक काय पडनार हाय?" हे अप्पा प्रत्येक गिऱ्हाइकाला कापड मापता मापता विचारायचे, आणि गिऱ्हाईक मान डोलवायचं. नावानं काही फरक पडत नाही म्हणणाऱ्या या माणसाला रुपयाएवढ्या चकतीनं इतका फरक पडत होता, की त्याची आजारी बायको घागरी वाहत होती. चामडं कुणाच्या हातून घडून येतं, हे आमच्या घरात एकदाही कुणी तोंडानं बोललं नाही. बोलायची गरज नव्हती. तेवढं सगळ्यांना न शिकवता येत होतं.

पुढं आईला पुन्हा डॉक्टरकडे न्यायचं होतं, त्याच फेरीत परभणीहून चांगला नळ आणायचा ठरला. बंदमुळे माझी शाळा बंद होती, म्हणून मीही गेले. अप्पांनी आपल्या बैठकीतले दोघे बरोबर घेतले, एक सोनार आणि एक मास्तर. नळ निवडणं हे पुरुषांचं काम होतं, जरी तिघांपैकी एकानंही आयुष्यात कप विसळला नव्हता. हार्डवेअरच्या दुकानातले चाचा सुरुवातीला फार अगत्यानं वागले. त्यांनी नळांची रांग मांडली. अप्पांनी प्रत्येक नळ खोलायला लावला. सोनारानं डोळ्याला भिंग लावून आत पाहिलं, आणि मास्तरांनी सोनाराच्या खांद्यावरून पाहून मान हलवली.

"इसमें चमडा है?"

"हौ."

"इसमें?"

"इसमें बी. साब, तुमको नल लेना है, की नल का पोस्टमार्टम करना है?"

"बिना चमडे का नहीं मिलता?"

चाचांनी चष्मा काढला. "पानी रोकना है तो बीच में कुछ तो लगेगा ना साब. ईमान से तो पानी रुकता नई."

मी आणि आई दुकानाच्या पायरीवर बसलो होतो. आई मधूनच उठली आणि रांगेतल्या एका साध्या, लांब दांड्याच्या नळाला हात लावून म्हणाली, "ह्यो बरा हाय बगा. तोंड उंच हाय, खाली घागर बसंल. अन् हात पिठाचे असले तर मनगटानं फिरवता येतो."

"तुला त्यातलं काय कळतंय?" अप्पा म्हणाले. "बस तितं."

आई येऊन बसली. तिघांनी मिळून जो नळ घेतला तो चांदीसारखा चकचकीत होता, त्याच्या मुठीला कमळाच्या पाकळ्या होत्या आणि तोंड इतकं खाली वाकलेलं होतं की त्याखाली तांब्या जेमतेम मावला असता. वायसर काढून टाकायला लावूनच अप्पांनी तो कागदात बांधून घेतला. एसटीत सगळ्या वाटेनं सोनार त्या कमळाचं कौतुक करत होता.

परवा माझ्या भाच्याच्या सुनेनं फोनवर मला तिच्या नव्या सैपाकघराचा नळ दाखवला. हात नुसता खाली धरायचा, स्पर्श न करता पाणी येतं. कोणता रंग घेऊ, असं ती मला विचारत होती. मला अक्कांची आठवण झाली. कुणीच कुणाला न शिवता पाणी मिळण्याची सोय त्यांच्या हयातीत निघायला हवी होती. त्यांनी सगळ्या आळीला तसे नळ बसवायला लावले असते. मी सुनेला म्हटलं, रंग कोणताही घे, खाली पातेलं बसतं का ते बघ. तिनं पाहिलंच नव्हतं.

तर नळ आला, पण वायसरविना नळ म्हणजे नुसतं भोक. रबराचं वायसर चालेल का, असा नवा प्रश्न निघाला. रबर नेमकं कशापासून होतं हे मास्तरांनाही छातीठोकपणे सांगता येईना. मग आमच्या घराण्याच्या गुरूंना, स्वामींना, विचारायचं ठरलं. स्वामी पालमकडच्या गावांत भक्तांच्या घरी फिरतीवर होते. ते आल्यावर बघू, असं अप्पा म्हणाले. कमळाचा नळ कागदासकट देवळीत ठेवला गेला, पाइपात खुंटी राहिली आणि आईच्या कमरेवर घागर.

एका सकाळी नळ खोकला. आई खाली उतरली आणि बराच वेळ झाला तरी वर आली नाही. मी जाऊन पाहिलं तर ती मधल्या पायरीवर बसली होती, भिंतीला धरून. घागर खाली कलंडली होती आणि पायरीवरच्या पाण्यात रक्त मिसळत होतं. ओरडायला मी तोंड उघडलं तशी ती म्हणाली, "वरडू नको शकू. आदी घागर सरळ कर, पानी वाया जायलंय." मी घागर सरळ केली. त्या क्षणी मला अप्पांचा, अक्कांचा, त्या सोनाराच्या भिंगाचा आणि फिरतीवर गेलेल्या स्वामींचा असा संताप आला, की तो अजून पुरता उतरलेला नाही. कुणाची तरी जीप मिळाली. परभणीला तिचं ऑपरेशन झालं, पिशवी काढली, आणि ती वाचली.

ती दवाखान्यात असतानाच स्वामी गावात आले. हरणाच्या कातड्यावर मांडी घालून त्यांनी चामड्याच्या वायसरचा प्रश्न शांतपणे ऐकून घेतला, डोळे मिटले आणि निर्णय दिला, "रबर म्हंजे झाडाचा चीक. शाकाहारी हाय. चालंल." अप्पांना इतका हुरूप आला की बाजारात जाण्याइतकाही दम निघेना, त्यांनी आपल्या सायकलची जुनी ट्यूब काढून फिटरला दिली. ही ट्यूब गावाच्या सगळ्या गटारींवरून गेली आहे, असं मी म्हटलं, तेव्हा मास्तरांनी मला समजावलं की गटारीवरून टायर जातं, ट्यूब आत असते. फिटरनं गुमान चकती कापली. नळ बसला. त्याच्या कमळावर भस्माचे पट्टे ओढले, नारळ फुटला, आणि दुसऱ्या दिवसापासून तो गळायला लागला. टप्, टप्, टप्. खाली पितळी पातेलं ठेवलं तर आवाज वाढायचा, फडकं ठेवलं तर फडकं चिंब भिजायचं. शाकाहारी नळ काही केल्या बंद होत नव्हता.

आई घरी आली ती वाळून आलेली. डॉक्टरीणबाईंनी तिला कमरेला जाड कापडाचा पट्टा दिला होता, आणि तो आवळायला बक्कल लावलेल्या चामड्याच्या वाद्या होत्या. दिवसभर काढायचा नाही अशी सक्त ताकीद होती. अप्पांनी तिला दारातूनच कमळाचा नळ दाखवला, "बग, बसला एकदाचा." ती सैपाकघराच्या उंबऱ्याशी गेली तोच अक्का आडव्या आल्या.

"थांब. ते कमरंला काय हाय?"

"डॉक्टरनं दिलेला पट्टा. काडायचा न्हाई म्हनली."

"वाद्या चामड्याच्या हायेत."

आईनं अप्पांकडे पाहिलं. "तुमी काय म्हनता?"

अप्पा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाले, "थोडे दिवस... अक्काच्या मनासारकं..."

"बरं," आई म्हणाली. "मंग मी भाईरच बसते." आणि ओसरीवरच्या बाजेवर जाऊन बसली. तिच्या आवाजात राग नव्हता. लग्नानंतर पहिल्यांदा त्या घरात तिला कामाच्या वेळी बसायला मिळालं होतं आणि ती बसली होती.

अक्कांना आपण काय करून बसलो हे जेवणाच्या वेळी कळलं. "सैपाकाचं कसं?" त्यांनी दारातून विचारलं.

"मी कशी यिऊ? पट्टा हाय."

"शकू करंल."

"शकूची दहावी हाय," आई म्हणाली. "अन् ती तर साऱ्या गावाला शिवून येती. तिला चुलीपाशी बसवलं तर सांगून ठिवते, मी हाय अशी उटून घागर घिऊन खड्ड्यात उतरन. मंग मला परत परभनीला न्या, न्हाईतर कुटं न्यायचं तिकडं न्या."

ती खरंच उतरली असती. अप्पांना ते माहीत होतं.

मग आमच्या घरात जो सैपाक सुरू झाला तसा मी पुन्हा कुठं पाहिला नाही. अक्कांचे गुडघे ओट्यापाशी उभं राहू देत नव्हते, म्हणून त्या पाटावर बसून हुकूम सोडायच्या आणि अप्पा दुकानात जायच्या आधी ओट्याशी उभे राहून पीठ मळायचे. पिठाच्या हातांनी कमळ फिरेना. पाकळ्यांत कणीक अडकून बसली. घागर नळाखाली जाईना, म्हणून तांब्यातांब्यानं भरावी लागे. येसराचा मसाला घातलेल्या आमटीत मीठ पडायचंच नाही किंवा दोनदा पडायचं. "काय करपायलंय?" आई बाहेरून विचारायची, आणि आतून तवा खरवडल्याचा आवाज यायचा. मी बाजेच्या पायाशी बसून बीजगणित सोडवत असे. माझ्या दहावीला जे मार्क पडले, आणि त्यामुळे पुढं मी जी कोण झाले, ते त्या पट्ट्याच्या वाद्यांवर. मास्तर आणि सोनार दोघेही जेवणवेळी घरी यायचे बंद झाले.

शेवटी अप्पा बाजेपाशी आले. बोटाला भाजल्याची फडकी बांधलेली होती.

"झालं ते लय झालं. चल आत."

"पट्टा?"

"ऱ्हाऊ दे पट्टा. अक्कालाबी चालतंय."

आतून अक्का काही बोलल्या नाहीत, म्हणजे चालत होतं.

"अन् नळ?" आई म्हणाली. "माह्या कमरंचं चामडं चालतंय तर त्याचं काऊन चालत न्हाई? दिवसरात गळायलाय. त्यातलं वायसर बदला, मंग मी येते. अन् फिटरला बोलवायचं न्हाई. तुमी आना, तुमी बसवा."

मला वाटलं, अप्पा आता ओरडतील. माईकवरून बोलणारा माणूस तो. इतकी साधी गोष्ट त्यांना कुणी कधी सांगितली नव्हती. पण ते पायात चप्पल सरकवून बाजारात गेले आणि मुठीत काहीतरी घेऊन परत आले. टाकीचा कॉक बंद केला. ओट्यावर चढून, धोतर खोचून, शेजाऱ्याकडून आणलेल्या पान्यानं त्यांनी नळ खोलला, ट्यूबची चकती काढली आणि चामड्याची चकती अंगठ्यानं आत दाबली. गिऱ्हाइकाच्या अंगावर लुगड्याचा पदर टाकून दाखवणारे ते हात मी इतके अवघडलेले कधी पाहिले नव्हते. अक्का पाटावरून सगळं बघत होत्या. त्यांनी पदर नाकाला लावला नाही.

"शिवा," त्या अप्पांना नावानं हाक मारून म्हणाल्या, "नीट मधी बसव. परत गळू दिऊ नको."

आई उठली. पट्ट्यावर हात ठेवून सावकाश सैपाकघरात आली, कुणी आडवं आलं नाही. तिनं कमळ फिरवलं, पाणी आलं. फिरवलं, पाणी थांबलं. तिनं नळाच्या तोंडाखाली तळहात धरून ठेवला. त्यावर थेंबही पडला नाही. घर एकदम शांत झालं, इतकं की बाहेर रस्त्यावरून जाणाऱ्या बैलगाडीच्या घुंगरांचा आवाज आत आला.

"येते मी उद्यापासून," आई म्हणाली. "आजचा सैपाक तुमीच करा."

ती जाऊन बाजेवर बसली. त्या संध्याकाळी अप्पांनी भाकरी केली. जाड होती, कडेला कच्ची होती. ती त्यांनी ताटात घालून आधी आईला नेऊन दिली, आणि आईनं ती गरम गरम, सगळ्यांच्या आधी, बसून खाल्ली.